काळी वायर

"काळी म्हणजे न्यूट्रल! शेंबडं पोरही सांगेल."

"तिकडे, बाबा, आपल्या देशात! इथे करंट काळ्याच वायरीत असतो. मला झटका बसला तरी तुमचं आपलं तेच!"

लेक मनगट चोळत उभी होती. बैठकीतल्या लोखंडी दिव्याचा तडकलेला प्लग बापाने काल बदलला होता. दिवा लागत होता, म्हणून कुणी काही बोललं नाही. आज तो बंद करून ती बल्ब काढायला गेली, बल्बच्या पितळी आट्यांना बोट लागलं आणि हात कोपरापर्यंत बधिर झाला. प्लगमधल्या वायरी उलट लागल्याने दिवा बंद असूनही आट्यांत करंट होता.

"लाल वायरच नव्हती गं," तो म्हणाला. "काळी, पांढरी, हिरवी. हिरवी अर्थिंगची. मग लालच्या जागी पांढरीच धरणार ना माणूस?"

उभी हयात त्याची लोकांच्या भिंतींत गेली होती. वायरमन म्हणून लागला तेव्हा मिसरूड फुटायचं होतं. दार उघडताच "फेज आलाय का?" विचारायचा, म्हणून सगळी वसाहत त्याला फेजकाकाच म्हणायची. सासुरवाडीला पहिल्यांदा आला तर पाणी प्यायच्या आधी मेन स्विच बघून आला, असं बायको अजून सांगते.

इथे परदेशात लेकीकडे आल्या आल्या भांडण झालं ते प्लगशीच. आणलेल्या इस्त्रीला तीन गोल पिना, भिंतीत दोन चपट्या फटी नि एक भोक. जावयाने अडॅप्टर आणून दिला. पिना बसल्या, पण इथली वीज निम्म्या दाबाची; कापड नुसतं कोमट व्हायचं. "हिलाही इथलं हवापाणी मानवलं नाही," म्हणत बायकोने इस्त्री कपाटात टाकली. तिकडचं घर विकून आलेल्या माणसांनी यापलीकडे काय म्हणायचं?

मग जावयाने दिवे दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे शब्द टाकला. त्याने सोमवारपासून कामाला यायला सांगितलं होतं. तेव्हापासून म्हातारा रोज दाढी करत होता.

"झालं ते झालं," बायको मध्ये पडली. "अहो, आता नीट बसवा. काळी पितळी स्क्रूला, पांढरी पांढऱ्या स्क्रूला. मलासुद्धा पाठ झालं."

"मग तूच जा सोमवारी दुकानात."

तरी त्याने टेबलाशी बसून प्लग उघडला. "काळीत करंट, काळीत करंट," पुटपुटत तारांची टोकं सोलली, पिळली. हात अजून सफाईदार होता. तेवढ्यात जावई कामावरून आला, बूट काढता काढता म्हणाला, "बाबा, दुकानदाराने आज आठवण केली हं तुमची."

"हो का?" त्याने मान वर केली, हसला. बोटं चालूच होती. स्क्रू आवळून झाला तेव्हा त्याने खाली पाहिलं.

काळी तार पांढऱ्या स्क्रूखाली बसली होती. घट्ट.

लेकीने पाहिलं. आईनेही पाहिलं. "दमलात तुम्ही," बायको म्हणाली, "उद्या करा."

"डोक्याला कळतं गं. हातांना कोण सांगणार?"

त्याने दोन्ही तारा सोडवल्या, पक्कड आणि टेस्टर पिशवीत घातले आणि पिशवी जावयापुढे सरकवली.

"हे दुकानदाराला देऊन टाका. सोमवारी मी जाणार नाही. आणि यापुढे घरातलं काही बिघडलं, तर मला दाखवू नका."