आणखी चौदा तुकडे

कलकत्त्याच्या आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकासाठी काप करणारे एक गृहस्थ रोज डमडम उपनगरातून येत. ते काप तपासून निदान लिहिणारा डॉक्टर म्हणून मी त्यांच्यासोबत काम केले, हे अभिमानाने सांगतो. मेणात बसवलेला तुकडा कापताना ते श्वास रोखून धरीत. श्वासानेही काप विस्कटतो, म्हणत.

एका शिक्षिकेच्या मूत्रपिंडातील गाठीच्या दोन तुकड्यांचे काप घाईने पाहून मी 'नेहमीचा कर्करोग' असे लिहून मोकळा झालो. या गृहस्थांनी अहवाल अडवला.

"डाक्तारबाबू, एवढा मोठा गोळा आणि दोनच तुकडे? आम्ही मासासुद्धा कल्ला उघडल्याशिवाय घेत नाही!"

मी रागावलो. त्यांनी निमूटपणे आणखी चौदा तुकडे कापले. एकातही नेहमीच्या कर्करोगाच्या पेशी नव्हत्या. सर्वत्र स्नायूसारख्या लांबट पेशींच्या जुड्या होत्या. तो सार्कोमा होता, मृदू ऊतींचा, प्रौढांच्या मूत्रपिंडात क्वचितच आढळणारा वेगळाच कर्करोग. बाईंचे पुढचे उपचार बदलले.

शल्यविशारदांनी माझी पाठ थोपटली, तेव्हा मी गप्प राहिलो. ते मौन आजही बोचते. दुसऱ्या दिवशी शल्यविशारदांना या गृहस्थांच्या टेबलाशी आणून मी खरे ते सांगितले. हे गृहस्थ मात्र चामड्यावर चाकूला धार लावत राहिले.

"पुढच्या गाठीचे किती तुकडे करू?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"तुम्ही म्हणाल तितके," मी म्हणालो.