खुर्चीलाही तिकीट

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझ्या भाचीला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी तिने मला आठ दिवस राहायला बोलावलं. तेव्हा पुढे जे झालं त्यातला निम्मा दोष तिचा.

भाची राहते ती वसाहत एका जुन्या तटबंदीच्या गावापासून बसने पंचवीस मिनिटांवर आहे. त्या गावातले बुरूज आणि वेशी बघायला लोकांची रीघ लागते. वसाहत बघायला मी एकटाच गेलो होतो. सारख्या उंचीची कुंपणं, सारख्या रंगाची फाटकं, आणि फाटकं कुरकुरू नयेत म्हणून दर महिन्याला बिजागऱ्यांना तेल. तोंडाशीच मोठी पाटी, ‘शांतता राखा’. मी भाचीला विचारलं, “कोण गेलं?”

“मामा, हळू,” ती म्हणाली. “इथे कुणी गेलेलं नाहीये.”

“मग सगळे असे पाय न वाजवता का चालतात?”

तिने खिडकी लावून घेतली. ती वसाहतीच्या समितीची चिटणीस आहे. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त बडे अधिकारी. बोलताना ते आधी ओठांवर बोट ठेवतात, मग बोलतात. मी त्यांचं नाव चिडीचूप साहेब ठेवलं आणि त्या आठ दिवसांत ते दोन गल्ल्यांना पाठ करून दिलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, पाय मोकळे करायला बाहेर पडलो. बसथांबा म्हणजे एक खांब. त्याच्याजवळ जमिनीतून चार गंजके बोल्ट वर आलेले. कधीकाळी तिथे बाक असणार. त्या बोल्टांच्या मधोमध एक लाकडी खुर्ची, आणि तिच्यावर सत्तरीच्या आसपासची एक बाई ताठ बसलेली. नीट पाहिलं तर खुर्चीला नुसती चौकट. मध्ये आरपार भोक, बाई बसलेली पुढच्या काठावर.

“बाई, खुर्चीला बूड नाही,” मी म्हणालो.

“मला आहे ना,” ती म्हणाली. “तुम्ही चिटणीसबाईंचे मामा. रात्री खिडकीत बसून मोठ्याने शिंकता ते.”

अशी माणसं मला आवडतात. बस आली, आणि कुठे जायचंय हे न ठरवताच मी तिच्या मागोमाग चढलो.

ही वेतवाली. खुर्च्यांच्या बैठकी वेताने विणते. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन जुन्या गावात आली, तेव्हा सासरे गावातल्या कोर्टाच्या आणि वाचनालयाच्या खुर्च्या विणायचे. नवऱ्याला वेताचा तिटकारा. तो कचेरीत चिकटला. सासऱ्यांनी सुनेला काही शिकवलं नाही, पण हाकललंही नाही. तिने भाजी निवडता निवडता त्यांचे हात पाहिले. एक दिवस सासऱ्यांना ताप आला आणि उठून बघतात तर अर्धी राहिलेली बैठक पुरी झालेली. त्यांनी ती उलटी केली, खालून पाहिली, अंगठ्याने दाबली, आणि म्हणाले, “तिरपी पट्टी उलट्या बाजूने घातलीस. उसव.” ती म्हणते, आयुष्यात तिचं कुणी केलेलं सगळ्यात मोठं कौतुक ते. उसव म्हणाले, सोड म्हणाले नाहीत.

सासरे गेले, मागून नवरा गेला. जुन्या गावाला सरकारी संरक्षण आलं, घराला खिळा मारायलाही परवानगी लागू लागली. तेव्हा वीस वर्षांपूर्वी तिने राहतं घर सोडून इथे दोन खोल्या घेतल्या. पण कामाची खोली तिकडेच ठेवली. एक दार, एक खिडकी, वेत भिजवायला सिमेंटची टाकी, भिंतीला टोचे आणि लाकडी खुंट्या. परदेशी असलेला मुलगा फोनवर म्हणतो, “आई, खुर्च्या आता प्लास्टिकच्या मिळतात.” ही म्हणते, “दातही मिळतात. म्हणून असलेले काढून ठेवू?”

वसाहतीच्या नियमात घरी धंदा करायला मनाई. म्हणून रोज सकाळची नऊ चाळीसची बस, आणि संध्याकाळी परत. ती बस नसेल तर हमरस्ता तीन किलोमीटर, खांद्यावर खुर्ची घेऊन. सत्तरीच्या गुडघ्यांना ते जमणार नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि चिडीचूप साहेबांनाही.

बस बंद व्हावी असं त्यांना का वाटायचं? बसमधून जुन्या गावाला आलेले हौशी लोक इकडे उतरायचे, कुंपणावर बसून डबे खायचे, मोरी कुठे आहे विचारायचे. शांततेला तडा. आधी समितीने बाक काढला. वेतवाली दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकाची खुर्ची घेऊन थांब्यावर बसू लागली. मग साहेब स्वतः तिच्याकडे गेले आणि म्हणाले, आठवड्यातून दोनदा माझा ड्रायव्हर तुम्हाला सोडेल.

“काय म्हणालात?” मी विचारलं.

“म्हटलं, उपकाराच्या गाडीत बसणाऱ्याचा पाय ब्रेकवर नसतो.”

त्या शनिवारी बसमध्ये मी आणखी एक चीज पाहिली. कंडक्टर. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. त्याने तिला तिकीट दिलं, मग खुर्चीकडे पाहिलं आणि दुसरं तिकीट फाडलं.

“खुर्चीला तिकीट?” मी म्हणालो.

“जागा अडवते,” कंडक्टर म्हणाला. “नियम आहे.”

“अकरा वर्षं घेतो हा,” वेतवाली म्हणाली. “पहिल्या दिवशी मी भांडले. म्हटलं, मास्तर, सामानाचं द्या. म्हणतो, यंत्रात सामानाचं बटण या मार्गाला नाही. माणसाचंच आहे.”

“मग वयाची सवलत तरी द्या,” मी म्हणालो. “खुर्ची नव्वदीची दिसते.”

“ओळखपत्र दाखवा,” कंडक्टर म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

रविवारी सकाळी समितीची दोन माणसं हातगाडीवरून नऊ खुर्च्या घेऊन वेतवालीच्या दारात उभी. समितीच्या सभेच्या खुर्च्या, वेत झिजून लोंबलेला. सोबत साहेबांची चिठ्ठी: आठवड्याभरात काम व्हावं, आणि या कामापुरती घरी बसून विणायची खास परवानगी. बाई बुचकळ्यात पडली. जो माणूस बाक उपटतो, तो काम का देईल?

त्याचं उत्तर दुपारी जेवताना माझ्या पानात पडलं. भाची सहज बोलून गेली. परिवहन कार्यालय सोमवार ते शनिवार नऊ चाळीसच्या बसची या थांब्यावरची तिकिटं मोजणार होतं. दिवसाला सरासरी दहा भरली नाहीत तर थांबा बंद, बस बाहेरून जाणार. हा आठवडा वेतवाली घरात गुंतलेली बरी, म्हणून नऊ खुर्च्या.

“मामा, हे कुणाला बोलायचं नाही.”

“छे,” मी म्हणालो, आणि हात धुऊन थेट वेतवालीच्या दारात गेलो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग नऊ खुर्च्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. लग्नात पाहुणे मोजतात तशी.

“नऊ आणि मी दहा,” ती म्हणाली.

“आणि मी?”

“तुम्ही वरचा मसाला.”

सोमवारी थांब्यावर नऊ खुर्च्या ओळीने मांडल्या. मी आठ खेपा केल्या, म्हणजे एका खेपेत दोन आणायचा प्रयत्न एकदाच केला. बसचं दार उघडलं. कंडक्टरने खुर्च्या पाहिल्या, मला पाहिलं.

“एकावर एक ठेवल्या तर एकच तिकीट लागेल, मावशी,” तो म्हणाला. अकरा वर्षांत त्याने पहिल्यांदाच सवलत सांगितली असेल.

“नको, मास्तर. शेजारी शेजारी बसू देत. प्रवास आहे.”

सकाळची बस तशीही रिकामी असते. एकेका बाकावर एकेक खुर्ची बसली. अकरा तिकिटं फाटली.

खोलीत नऊ खुर्च्या रात्री राहतील एवढी जागा नव्हती, म्हणून संध्याकाळी त्या परत यायच्या आणि सकाळी पुन्हा जायच्या. सोमवारी तिने जुना वेत कापून उभ्या पट्ट्या घातल्या, मंगळवारी आडव्या, बुधवारी पुन्हा उभ्या. मला ओले वेत पुसायला दिले. वेत ओला असतो तोवर ऐकतो, वाळला की ताठतो. मी म्हटलं, “तुमच्यासारखाच.” ती म्हणाली, “मी ओली कधी नव्हते.”

बुधवारी संध्याकाळी चिडीचूप साहेब थांब्यावर उभे होते. ओठांवर बोट ठेवलं, मग बोलले. “आमच्या खुर्च्या तुम्ही अशा फिरवू शकत नाही.”

“कामावर नेते, साहेब. घरी वेत भिजवायला टाकी नाही.”

“आम्हाला त्या परत हव्यात.”

“न्या की. बसा मात्र जपून, अजून तिरप्या पट्ट्या राहिल्यात.” तिने एक पुढे केली.

साहेबांनी बैठकीतून आरपार आपले बूट पाहिले. नऊच्या नऊ अर्धवट खुर्च्या सभेत मांडल्या तर काय होईल, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. तरी हक्क दाखवायला त्यांनी एक उचलली आणि घरी नेली. काखोटीला खुर्ची मारून, पाय न वाजवता.

म्हणजे आता आठ खुर्च्या, ती आणि मी. बरोबर दहा. वरचा मसाला होतो तो आता मीठ झालो. गुरुवारी मला पडसं झालं होतं तरी गेलो. पहिल्या तीन दिवसांचं एकेक जास्तीचं तिकीट होतं खरं, पण बाई म्हणाली, “सरासरीच्या जिवावर मला राहायचं नाही. रोज दहा.” शुक्रवारी भाचीने मला दारात अडवलं.

“मामा, तुम्ही माझ्या घरात राहून माझ्याच समितीच्या विरुद्ध.”

“तू मला घरात ठेवलंस, समितीत नाही.”

“उद्या तुमची गाडी आहे. मी तुम्हाला सकाळी कारने स्टेशनवर सोडते. साडेनऊला निघायचं.”

“मी बसने जाईन.”

“बस उलट्या दिशेला जाते.”

“मग फिरून येईन. या वयात मला कुठे वेळेवर पोचायचंय?”

शनिवारी बॅग घेऊन मी थांब्यावर गेलो. आठ खुर्च्या, वेतवाली, मी. बस आली आणि पुढच्या बाकावर परिवहनाचा तपासनीस बसलेला दिसला. मांडीवर फाईल. शेजारी मागच्या थांब्यावरूनच चढलेले चिडीचूप साहेब, आज बोट ओठांवर नव्हतं, खुर्च्यांकडे होतं.

“बघा,” ते म्हणाले. “हे तुमचे प्रवासी.”

तपासनीसाने चष्मा वर केला. “कंडक्टर, यांना तिकिटं दिलीत?”

“दिली, साहेब. सहा दिवस.”

“खुर्च्या प्रवासी कशा?”

वेतवालीने पिशवी छातीशी धरली. कंडक्टर एकच वाक्य बोलला असता, सामान म्हणून चुकून दिली, तर सगळं फुकट गेलं असतं. त्याला ते सोपंही होतं.

त्याने शर्टाचं वरचं बटण चाचपलं. “साहेब, अकरा वर्षं मी या बाईंकडून खुर्चीचं तिकीट घेतोय. एक दिवस चुकवला नाही. भांडल्या तरी घेतलं. आज ते तिकीटच नव्हे असं म्हटलं, तर अकरा वर्षं मी काय केलं?”

“पण नियम...” चिडीचूप साहेब म्हणाले.

“नियम तोच, साहेब. तेव्हा त्यांना जाचत होता. आज तुम्हाला जाचतोय.”

तपासनीसाने फाईल चाळली. मागच्या वर्षांची पानं उलटली. तिथेही खुर्च्या माणसं म्हणूनच चढलेल्या होत्या. त्याने काही लिहिलं आणि फाईल मिटली. “दहा झाले ना? गाडी सोडा.”

“अकरा,” कंडक्टर म्हणाला. त्याने माझ्या बॅगेकडे बोट दाखवलं. “जागा अडवते.”

मी मुकाट्याने बॅगेचं तिकीट काढलं. वेतवाली खिडकीबाहेर पाहत होती. आभार मानण्याची तिची पद्धत नाही. कामाच्या खोलीशी उतरताना एवढंच म्हणाली, “पुढच्या खेपेला स्वतःची खुर्ची घेऊन या. उभं राहून बडबडता.”

थांबा राहिला. बाक मात्र समितीने परत बसवला नाही. म्हणून ती अजून गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसून बसची वाट बघते.

महिन्याने भाचीचा फोन आला, अगदी दबक्या आवाजात. समितीच्या नऊही खुर्च्या विणून परत आल्या होत्या, साहेबांनी नेलेलीसुद्धा. बैठकी ढोलासारख्या ताठ. पण नवा वेत जागेवर बसेपर्यंत बोलतो. सभेत कुणी पुस्तक उचललं की कर्र, कुणी पाय हलवला की कर्र, आणि ‘शांतता’ हा विषय निघाला तेव्हा नऊही खुर्च्या एकदम.

“साहेब स्वतः गेले तिच्याकडे,” भाची म्हणाली. “म्हणाले, यावर काही उपाय?”

“आणि ती?”

“म्हणाली, हलू नका.”

फोनमध्ये मागे काहीतरी कुरकुरलं. मी विचारलं, “तू कशावर बसलीयेस?”

“समितीच्याच एका खुर्चीवर. घरच्या चार वेतवालीला विणायला द्यायच्यात,” भाची म्हणाली. “सोमवारी बसने न्यायच्यात. माझी कार दुरुस्तीला आहे.”

तिची कार नवी कोरी आहे. हेही मी कुणाला सांगणार नव्हतो.