पूछ-पूछ काकींची पत्त्यांची वही

काकू विचारल्याशिवाय काहीच करत नसत. दुकानाच्या पायरीवर झोपलेल्या कुत्र्यालासुद्धा "जाऊ का रे बाबा?" म्हणत आणि मगच पाय उचलत. उज्जैनच्या फ्रीगंज बाजारातले दुकानदार त्यांना पूछ-पूछ काकी म्हणायचे. समोरचा भांडीवाला ओरडायचा, "काकीजी, आज साँस लेने की परमिशन ली कि नहीं?" काकू अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, "आपसे ही लेनी थी भैया. ले लूँ?"

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी भैरवगढ़च्या छापील कापडाचं छोटं दुकान काढलं होतं. मी तिथे कामाला लागले तेव्हा उज्जैनला येऊन मला चारच महिने झाले होते. माहेर-सासर दोन्ही हिंगोलीकडे, शाळा सातवीत सुटलेली. ह्यांना इथल्या कारखान्यात काम मिळालं म्हणून माधव नगरात खोली घेतली होती. दोघांनी कमावलं तरच ती टिकणार होती. नाहीतर मी गावी परत आणि हे इथे एकटे. त्यामुळे सकाळी कुलूप उघडताना रोज वाटायचं, आज काकू सांगतील, उद्यापासून येऊ नकोस.

काउंटरवर एक लांबट निळी वही असायची. कापड बांधून झालं की काकू गिऱ्हाइकाला विचारायच्या, "महिन्यातून एक पत्र पाठवू का? ईमेलवर. नको असेल तर बिलकुल नको." हो म्हणणाऱ्यानं आपला पत्ता आपल्याच हातानं लिहायचा, हा नियम. मग मी तो कॉम्प्युटरवर चढवायची. इंग्रजी अक्षरं मला जड जायची, बोट ठेवून एकेक वाचायची. काकूंनी कधी घाई केली नाही. उलट शेजारी खुर्ची ओढून बसायच्या. "ध्यान देऊन बघ गं, ह्या गृहस्थांनी पत्त्यात स्वतःचं नाव न घालता मुलीचं घातलंय. का बरं?" मग आम्ही दोघी त्या 'का'च्या मागे लागायचो.

पत्त्यापुढे पेन्सिलीनं त्यांची टिपणं असायची. 'भोपाळ. चादरी नणंदेसाठी नेतात, स्वतःसाठी कधीच नाही.' 'निळा नको म्हणतात, कारण विचारायचं राहिलं.' आणि पत्रात तरी काय, तर विकायचं एक अक्षर नाही! एकदा लिहिलं, मेण लावलेलं कापड रंगात बुडवलं की मेणाला तडे जातात, त्यातून रंग शिरतो आणि बारीक रेघा उमटतात. दोन कापडांवर सारख्या रेघा कधी येत नाहीत. तुमच्या चादरीवरची रेघ कशासारखी दिसते? लोक खरंच उत्तरं द्यायचे. कुणाला नदी दिसली, कुणाला सासूच्या कपाळावरची आठी.

कुणी पत्र कधी उघडलं हे कॉम्प्युटर दाखवतो, ते मी त्यांना एकदा दाखवलं. पाच मिनिटं अगदी रंगून बघितलं त्यांनी. मग म्हणाल्या, "बंद कर. दुसऱ्याच्या खिडकीतून डोकावल्यासारखं वाटतंय. मला जाणून घ्यायचंच असेल तर विचारेन की."

एक तरुण पेनड्राइव्ह घेऊन आला होता. "काकीजी, पूरे मालवा के पते हैं. एक बटन दबाओ, सबके पास आपकी दुकान."

काकूंनी त्याला पाणी दिलं. "बेटा, इनमें से किसी एक को आप जानते हो?"

"जानना क्या है, खरीदा हुआ माल है."

"और उन्हें पता है कि वो बिक गए?"

तो बिचारा पाणी पिऊन गेला. मला मात्र चुटपुट लागली. आमच्या वहीत महिन्याला पाच-सात पत्ते वाढायचे. त्या वर्षी दुकानात गिऱ्हाइकांचं येणंजाणं कमी झालेलं. दुकान बसलं तर पहिली मीच जाणार, हे कळायला सातवीच्या पुढची शाळा लागत नाही.

दिवाळीच्या आधी काकू आठ दिवस नागपूरला लेकीकडे गेल्या. टेबलाच्या खणात मराठी मंडळाची स्मरणिका होती. काकू मंडळाच्या सचिव. पुस्तकात मागे सगळ्या सभासदांचे पत्ते, ईमेलसकट. मी विचार केला, हे काही पेनड्राइव्हवाल्याचे परके लोक नव्हेत. आपलीच माणसं. काकू ह्यांच्या घरी हळदीकुंकवाला जातात, ह्यांच्या मुलांना त्यांनी शिकवलंय. ह्यांना काय विचारायचं? दोन दिवस बसून मी सगळे पत्ते चढवले आणि दिवाळीचं पत्र पाठवून दिलं. काकू आल्यावर खूश होतील, म्हणून मनात हसतसुद्धा होते.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा फोन थांबेना. एक वयस्कर आवाज म्हणाला, "मंडळाला पत्ता दिला होता, दुकानाला नाही. तुमच्या काकूंना सांगा, विश्वासानं दिला होता."

काकू परतल्या त्या दिवशी मी सगळ्या घड्या नीट लावल्या, काच पुसली, किल्ली काउंटरवर ठेवली आणि उभी राहिले. त्यांना नागपुरातच कळलं होतं. त्यांनी चष्मा काढला.

"का केलंस? ओरडत नाहीये. मला खरंच समजून घ्यायचंय."

मी रडत रडत खोलीचं, गावाचं, ह्यांच्या एकटेपणाचं सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "एवढी भीती घेऊन तू वर्षभर इथे उभी होतीस, आणि मी गिऱ्हाइकांना नणंदेचं विचारत बसले." किल्ली माझ्याकडे सरकवली. "चल, बस. एकेकाला माफी लिहायची आहे. सगळ्यांना एकच नाही, एकेकाला."

पाच दिवस लागले. ते सगळे पत्ते आम्ही काढून टाकले. काहींनी उत्तरात चार शब्द सुनावले, तेही काकूंनी मला मोठ्यानं वाचायला लावले. थोड्या दिवसांनी कळलं, काकू आता सचिव नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "कंटाळा आला गं. पंधरा वर्षं झाली." मला ते खरं वाटलं. खरं वाटलेलंच सोयीचं होतं.

पुढे गुडघे थकले तेव्हा त्या लेकीकडे राहायला गेल्या. दुकान भैरवगढ़च्या एका छपाईवाल्या कुटुंबानं घेतलं आणि काकूंच्या शब्दावर मला ठेवलं. पत्र मीच लिहू लागले. दर महिन्याला नागपूरहून काकूंचं उत्तर यायचं, त्यात किमान तीन प्रश्न.

मागच्या थंडीत ते आलं नाही.

महिन्याभरानं त्यांची लेक उज्जैनला आली. सिद्धवटाच्या घाटावर आईचं पिंडदान करून ती थेट दुकानात आली, ओले केस तसेच. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हीच ना त्या? मंडळानं आईला सांगितलं होतं, त्या बाईला कामावरून काढा, नाहीतर सचिवपद सोडा. तिनं तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला. घरी आम्हाला नंतर कळलं. मी चिडले होते तिच्यावर. भाजी कोणती करू हे फोन करून विचारणारी बाई, आणि एवढं मोठं करताना कुणाला म्हणून विचारलं नाही!"

मी तिला पाणी दिलं. ती काउंटरपाशी बसली.

"ती दर महिन्याला तुमचं पत्र मला वाचून दाखवायची," ती म्हणाली. "मी अर्धवट ऐकायचे. आता मला पाठवाल?"

मी वही पुढे केली. तिनं आपल्या हातानं पत्ता लिहिला. ती गेल्यावर पेन्सिल घेऊन त्यापुढे काय लिहावं, याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी लिहिलं, 'नागपूर. हिच्या आईनं मला काढलं नाही, तेही कुणाला न विचारता.'