सोपानअण्णांचा गुडघा

त्या सकाळी चिंचवडात सोपानअण्णांच्या वळणावर मी सायकल थांबवली, घंटी वाजवली. अण्णा येईनात. मी आपला वरडलो, अण्णा, आज नवरी नटतीय का? त्यांचा पोरगा बाहेर आला. म्हनला, "काका, अण्णा पहाटं गेले." महिना झाला त्याला. मला लिहिता येत न्हाई. मी बोलतोय, बायको लिहितीय. खोटं बोललो की पेन थांबवतीय.

मी अन् अण्णा कंपनीत शेजारशेजारच्या मशीनवर. मी रावेतचा, तवा बाविशीतला, तालमीत कुस्त्या हरण्यात पटाईत. साहेबाची नक्कल करायचो म्हनून खात्यात माझं नावच नकल्या. पर त्या साली आतलं कायतरी विझलं बघा. लगीन मोडलं न्हवतं, नोकरी पक्की होती. कारणच न्हवतं, तर सांगायचं काय? रातभर डोळा लागायचा न्हाई अन् सकाळी उठवायचं न्हाई. घास तोंडात नुसता फिरायचा, म्हनून डबा वाटून टाकायचो. लोक म्हनायचे, दिलदार गडी! तालीम सुटली, दाढी वाढली, नकला तेवढ्या चालू. शेवटी सायकल बी चुलतभावाला देऊन टाकली. मला आता कुठं जायचंय, असं हसत म्हनलो. सगळे हसले. अण्णा हसले न्हाईत.

सुट्टी झाल्यावर मशीन पुसताना हळूच म्हनले, "नकल्या, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का रं?"

असं कुनी इचारलंच न्हवतं. मी "व्हय" म्हनलो अन् रडाय लागलो. डोळे पुसले ते बी मशीनच्या फडक्यानं. घरी जाईस्तोवर तोंड वानरावानी काळं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डॉक्टरकडं नेलं, चुलतभावाकडनं सायकल माघारी आणली. म्हनले, "माझा गुडघा लई दुखतोय. रोज सकाळी मला डबलसीट न्यायचं. तू न्हाई आलास तर माझा खाडा."

मग काय, उठावंच लागायचं. हळूहळू भूक परत आली, झोप आली... कधी, ते ध्यानातच आलं न्हाई. मी बरा झालो, पर गुडघा काय बरा झाला न्हाई. बारा वरसं वाहिलं त्यांना. खात्यात टेंभा मिरवायचो, मी हाय म्हनून म्हाताऱ्याची नोकरी टिकलीय. अण्णा गपचिप मान हलवायचे.

दहाव्याला वहिनींजवळ बसलो. तिथं बी माझं शहाणपण. म्हनलो, गुडघ्यानं लई सोसलं अण्णांनी, मी होतो म्हनून निभलं.

वहिनी म्हनल्या, "गुडघा? भावजी, त्यांना कधी गुडघा दुखला? त्यांची सायकल परसात गंजली. रोज लवकर आवरून रस्त्याकडं बघत बसायचे. तुमी लांबून दिसलात की आत येऊन मला सांगायचे, आज बी आला."

अजून त्या वळणावर पाय आपसूक खाली टेकतो. कॅरिअर हलकं लागतंय. मी घंटी वाजवतो, जरा थांबतो, मग निघतो... आज बी आलो, एवढं कळाय नको का त्यांना?