इस्माईलभाईंचा सात

मालेगावजवळच्या कारखान्यात रद्दी पुठ्ठ्याचा लगदा करून तपकिरी कागद काढतात. तिथे चोवीस वर्षं इस्माईलभाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. धावत्या कागदाला उलटा पंजा लावून ते सांगायचे, "सात टक्के ओल." तेवढ्यावर कागद वाळवणारी वाफ कमी-जास्त व्हायची. तुकडा भट्टीत वाळवून तोलायची पद्धत होती, पण असा हात असताना भट्टी पेटवतो कोण?

यंदा पाडव्याला कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत फिरत ओल मोजणारं यंत्र बसलं. यंत्र म्हणालं अकरा, इस्माईलभाई म्हणाले सात. मग आमच्या शहाण्यांनी काय करावं? यंत्राच्या आकड्यातून चार वजा करायला लावले! यंत्र सांभाळणारी वैष्णवी नवीन होती. आधी भट्टीत तपासू, असं ती म्हणाली तर सगळे हसले. इस्माईलभाईही हसले. तिने मुकाट्याने आकडा बदलला.

दोन महिन्यांत बुरशी लागलेले रोल गिऱ्हाइकाकडून परत आले. आकडा बदलायला कुणी लावलं, ते हसणाऱ्यांपैकी एकानेही सांगितलं नाही. मालक फुलचंदशेठनी वैष्णवीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

त्या दिवशी इस्माईलभाईंनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. मेहरबीने, त्यांच्या बायकोने, ते उचललं नाही. तिला सगळं ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यात तापल्या तव्याला त्यांचा पंजा टेकला, फोड आले, तरी त्यांना पत्ता नव्हता. साखरेच्या आजाराने हाताची जाणीव गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण त्या हातावरच गावात इज्जत होती, म्हणून दोघांनी ते झाकून ठेवलं.

"पोरीच्या पोटावर पाय देऊन राह्यले तुमी," ती एवढंच म्हणाली.

सकाळी वैष्णवी आपलं सामान न्यायला आली होती. इस्माईलभाईंनी तिला थांबवलं, शेठना बोलावलं आणि सगळ्यांदेखत कागदाला पंजा लावला. "सात," ते म्हणाले. मग तिथलाच तुकडा कापून वैष्णवीला भट्टीत वाळवायला दिला. तिने तोलून आकडा सांगितला. साडेअकरा.

"शेठ, माहा हात हिवाळ्यातच मेला. मले मालूम होतं. हिचा काई कसूर नाई."

शेठ हळूच म्हणाले, "मंग इतके दिवस तुमी काय पाहून सांगून राह्यले होते, भाई?"

"आठवनीनं सांगत होतो. पयले सात राह्यची, म्हनून सात."