पावागडची थप्पड

आधी माफी मागतो. कुणाबद्दल लिहावं एवढं माझं वय नाही आणि तसा अधिकारही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करतात, आई घरी शिवण करते. शाळेतला निबंध सोडला तर मी असं काही लिहिलेलं नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांच्या हातात हे पडलं, तर ते मान जरा तिरकी करतील, चष्मा कपाळावर सरकवतील आणि पहिल्याच वाक्यावर बोट ठेवून म्हणतील, "चूक."

हा त्यांचा शब्द. कुणी म्हणालं, आज फार उकडतंय, की ते म्हणत, "चूक. दमट आहे." कुणी म्हणालं, हरणीची बस आता येईल, की, "चूक. ती गेली." बस खरंच गेलेली असे असं नाही. पुष्कळदा ती समोरून येत असे.

तरसालीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. सगळी सोसायटी त्यांना काका म्हणे, म्हणून मीही काकाच म्हणत आलो. वीज मंडळाच्या कचेरीतून निवृत्त झालेले. काकू फार लवकर गेल्या, मूलबाळ नाही. त्यांच्याबरोबर त्यांची मोठी बहीण राहत असे. बालवाडीत शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. काका तिला अक्का म्हणत, म्हणून ती सगळ्यांची अक्का झाली. समोरच्या रमीलाबेनसुद्धा 'अक्काबेन' म्हणून हाक मारत.

ही दोन भावंडं दिवसभर भांडत. तुम्हीही अशी भावंडं पाहिली असतील, पण आमच्याकडची गोष्ट वेगळी होती, कारण त्या भांडणात राग नव्हता. सकाळी दूध तापलं की सुरू होई आणि रात्री दिवे मालवताना कुणीतरी शेवटचं "चूक" म्हणून ते थांबवी. भिंतीपलीकडून तो आवाज ऐकत मी दहावीचा अभ्यास केला, बारावीचा केला. आता नोकरीसाठी सुरतला राहतो. इथले शेजारी फार सभ्य आहेत. मला अजून सवय झालेली नाही.

"आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते," काका सांगत. "आमच्या घरात माघार घेत नाहीत."

"पणजोबा फौजेत घोड्यांना दाणा घालायचे," अक्का आतून म्हणे.

"चूक. घोडदळात होते."

"घोडे होते घोडदळात. पणजोबा दाण्यात होते."

सगळ्या भांडणांच्या मुळाशी एक मोठं भांडण होतं. लहानपणी दोघं आईवडिलांबरोबर पावागडच्या डोंगरावर देवीला गेली होती. पायऱ्या चढताना एका माकडाने दोघांपैकी एकाच्या हातातला पेढा हिसकला आणि वर थोबाडीत मारली. कुणाच्या, हा प्रश्न होता. काका म्हणत, मला. अक्का म्हणे, मला. साक्षीदार म्हणजे आईवडील, तेही आता नव्हते. माकडाची थप्पड खाणं हा एवढा मोठा मान कसा, हे मला कधी कळलं नाही. पण दोघंही तो सोडायला तयार नव्हती. दोघंही डाव्या गालावर हात ठेवून सांगत. मी कॉलेजात जाऊ लागलो तेव्हा काकांनी मला या प्रकरणात पंच नेमलं.

"तू शिकतोयस. तू सांग."

मी कधीच निकाल दिला नाही. दोघांनाही तो नकोच होता, असं मला वाटतं.

मग अक्काच्या छातीत गाठ निघाली. तपासण्या झाल्या, आणि कॅन्सर हा शब्द आमच्या भिंतीपलीकडे राहायला आला. डॉक्टरांनी सांगितलं, आधी केमो, गाठ लहान होईल, मग ऑपरेशन. काका सगळ्यांना एवढंच सांगत, "गाठ आहे. काढायची आहे." पुढे कुणी विचारलं तर चष्मा पुसत बसत.

आणि भांडण थांबलं. अक्का म्हणाली, चहा गार आहे, तर काका म्हणाले, हो अक्का. अक्का म्हणाली, आज शुक्रवार, तर काका म्हणाले, बरोबर. त्या दिवशी गुरुवार होता. रमीलाबेन आमच्या दारात येऊन हळू आवाजात आईला विचारून गेल्या, "काका आजकाल बोलता नथी. तबियत तो सारी छे ने?" म्हणजे बोलत नाहीत, तब्येत बरी आहे ना.

तीनचार दिवसांनी अक्काने मला बोलावलं. ती खुर्चीत बसली होती, केस गळू लागले होते म्हणून डोक्याला रुमाल. काका भाजी आणायला गेले होते.

"तू त्याला सांग," ती म्हणाली. "हा हो-हो करतो ते बंद कर म्हणावं. सकाळी मी मुद्दाम म्हटलं, पणजोबा घोडे धूत होते. तर म्हणतो, असतील. माझ्या अंगावर काटा आला. जसं काही मी गेलेच आहे आणि हा फोटोशी बोलतोय."

मी काकांना तसंच सांगितलं. ते पिशवी धरून जिन्यात उभे राहिले, विचार केला आणि म्हणाले, "फोटोशी मी कशाला बोलेन. फोटो उलट बोलतो का?" मग वर गेले. थोड्याच वेळात आतून "चूक" ऐकू आलं. माझी आई शिवण थांबवून हसली.

त्यानंतर काका प्रत्येक केमोच्या आदल्या दिवशी भांडणाची तयारी करू लागले. मला विचारत, "कॉलेजात पोरं कशावरून भांडतात ते सांग. आमचे विषय तिला पाठ आहेत." मी सांगितलं, सयाजीगंजच्या कोणत्या गाडीवरची सेव-उसळ चांगली यावरून भांडतात, मुंबईला बसने जावं की रेल्वेने यावरून भांडतात. ते लक्ष देऊन ऐकत. मग मी एकदा बरोबर गेलो आणि पाहिलं.

मोठ्या खोलीत ओळीने खुर्च्या, प्रत्येकाला सलाईन लावलेलं, सगळे गप्प. अक्काच्या हातात सुई गेली, तिने डोळे मिटले, आणि काका शेजारच्या स्टुलावर बसून म्हणाले, "सेव-उसळीत पाव कुस्करून घालायचा असतो."

अक्काने डोळे उघडले नाहीत. "बुडवून खायचा असतो. कुस्करतात ती भुकेलेली माणसं."

"चूक."

पलीकडच्या खुर्चीतले डभोईकडचे एक काका उठून बसले. "ना ना, बेन साचू कहे छे," ते म्हणाले, बेन बरोबर सांगतात. त्यांच्या पलीकडच्या बाईंनी मात्र कुस्करण्याची बाजू घेतली. बघता बघता सगळ्या खोलीत दोन तट पडले, आणि जिथे कुणाच्या तोंडाला चव नव्हती तिथे माणसं सेव-उसळीवरून आवाज चढवू लागली. सिस्टर आल्या, रागावण्याच्या बेताने, आणि जाताना त्यांनीही एक मत देऊन टाकलं. पुढे डभोईचे काका डॉक्टरांना विनंती करून अक्काच्याच दिवशी येऊ लागले. म्हणत, एकट्याने वेळ जात नाही.

घरी परतल्यावर मात्र सोपं नव्हतं. अक्काला फोडणीचा वास सहन होईना, म्हणून काका स्वयंपाकाला लागले. आयुष्यात चहापलीकडे न गेलेला माणूस रोज मऊ खिचडी करी. ताट तिच्यासमोर ठेवून दाराआड उभे राहत आणि ती किती घास घेते ते बघत. मी हे खिडकीतून पाहिलं आहे. तिने ताट संपवलं की ते बाहेर गॅलरीत येऊन उगाच कुंडीतली तुळस खुडत.

केमो संपली. गाठ बरीच लहान झाली होती. ऑपरेशनची तारीख मिळाली, नेमकी माझ्या शेवटच्या पेपरच्या दिवशी. दोन दिवस आधी संध्याकाळी काका आमच्या दारात आले. चष्मा हातात होता.

"जरा ये," ते म्हणाले. "अक्का ऑपरेशन नको म्हणतेय."

मी जिन्यात विचारलं, काय झालं. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला. मग म्हणाले, "मी तिला म्हटलं, माकडाने तुलाच मारली होती."

मला आधी कळलंच नाही.

"तिला काहीतरी द्यावंसं वाटलं रे," काका म्हणाले. "माझ्याकडे दुसरं काय होतं."

आत अक्का पलंगावर ताठ बसली होती. हॉस्पिटलची पिशवी रिकामीच खाली पडली होती.

"तू सांग," ती मला म्हणाली. "डॉक्टरांनी याला एकट्याला काय सांगितलं?"

"काही सांगितलं नाही," काका म्हणाले.

"मग कबूल कशाला केलंस?"

"वाटलं म्हणून."

"साठ वर्षं वाटलं नाही, ते आज वाटलं? मी मरणार हे तुला कळलंय. टेबलावरच मरायचं तर मी इथेच बरी. माझी माझी मरेन, पंख्याखाली."

"बरं, मागे घेतो. मला मारली होती."

"आता खोटं बोलतोयस."

मी समजवायला लागलो. गाठ लहान झाली आहे, डॉक्टर अनुभवी आहेत, आत्ताच काढणं योग्य आहे, असं एकेक करून सांगितलं. अक्काने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पेपर चांगला जाईल तुझा." खरं सांगतो, मला भीती वाटत होती. ती हट्टी होती, आणि काकांचा चेहरा असा झाला होता की बघवत नव्हतं.

अक्का मग काकांना सूचना देऊ लागली. गॅसचा नंबर कुठे लावायचा, तिच्या साड्या कुणाला द्यायच्या. काका मान हलवत होते, हो, हो. "आणि खिचडीत पाणी कमी घालत जा," ती म्हणाली. "एकट्याला तरी नीट कर."

काकांची मान थांबली. "कमी म्हणजे?"

"म्हणजे कमी."

"एवढे महिने खाल्लीस की."

"खाल्ली कुठे? प्याले."

"रोज ताट संपवत होतीस."

"दाराआड उभा राहायचास, म्हणून संपवत होते. नाहीतर तुळशीला घातली असती. ती तरी जगली असती की नाही कोण जाणे."

काका उठले. त्यांचे कान लाल झाले होते. "डॉक्टरांनी मऊ सांगितली होती. मऊ. मी पहाटे उठून डाळ भिजत घालायचो. हात भाजले माझे. आणि तू म्हणतेस प्याले? तुझी जीभच गेली होती, तुला काय कळणार चव. तुला कधीच काही कळलं नाही. पणजोबा घोडदळात होते, सेव-उसळीत पाव कुस्करतात, आणि पावागडला माकडाने मला मारली, मला, या गालावर, पेढा माझा होता, तू मागे आईचा पदर धरून रडत होतीस!"

समोरच्या गॅलरीत रमीलाबेन बाहेर आल्या. खालच्या मजल्यावर कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

काका धापा टाकत उभे होते. अक्का त्यांच्याकडे निरखून बघत होती, बालवाडीतल्या पोराने खरंच तोंड धुतलंय का ते बघावं तशी. मग तिने पाठ उशीला टेकली.

"हं," ती म्हणाली. "काही सांगितलेलं नाही याला कुणी." आणि माझ्याकडे वळून, "ती पिशवी दे इकडे. आणि थप्पड मलाच बसली होती, लक्षात ठेव."

"चूक," काका म्हणाले, आणि डोळे पुसत तिचा टॉवेल शोधायला गेले.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे दोघं रिक्षात बसली तेव्हा कोणत्या रस्त्याने जायचं यावरून वाद चालला होता. रिक्षावाला मध्येच वळून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. रिक्षा वळणाआड गेली तरी आवाज येत होता. मग तोही येईनासा झाला, आणि भिंतीपलीकडे इतकी शांतता झाली की मी पुस्तक उघडून नुसता बसलो.

पेपरमध्ये काय लिहिलं ते आठवत नाही. बाहेर आल्यावर पिशवीतून फोन काढला, काकांचा काही निरोप नव्हता. फोन लावला, उचलला नाही. आईला विचारलं, तिलाही काही कळलं नव्हतं. सयाजीगंजला तरसालीच्या बससाठी उभा राहिलो. दोन बसेस सोडल्या. का सोडल्या ते सांगता येणार नाही. घरी पोचावंसं वाटत नव्हतं. सेव-उसळीच्या गाडीवर गर्दी होती, कुणी पाव कुस्करत होतं, कुणी बुडवत होतं.

मग फोनवर काकांनी आवाजात पाठवलेला निरोप आला. गर्दीत ऐकू येईना म्हणून मी फोन कानाला दाबून धरला.

"ऐक," काका म्हणत होते. आवाज बसलेला होता. "गाठ सगळी निघाली म्हणतात डॉक्टर. अक्का शुद्धीवर आलीय. डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि हात उचलून डाव्या गालावर ठेवला. सिस्टर घाबरल्या ना. म्हणाल्या, अक्का, गाल दुखतो का? तर ही म्हणाली, मला."

मधे नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"मी म्हटलं, चूक."