आईने भाजलेली मशेरी

निघायच्या दिवशी सकाळी आई चुलीवर तवा ठेवून तंबाखू भाजत बसली होती. गाडी दारात उभी, माझा आणि लेकीचा सौदीचा व्हिसा पर्समध्ये, आणि घरभर ठसका. काळीभोर झालेली तंबाखू तिने हाताने चुरली, चाळली, स्टीलच्या डबीत भरली आणि माझ्या साड्यांत खुपसली. "कुणी विचारलं तर दंतमंजन सांग," म्हणाली. चिपळूणजवळच्या त्या घरात आता ती एकटीच राहणार होती, पण तिला काळजी माझ्या मशेरीची. बाराव्या वर्षी दात दुखला तेव्हा तिनेच ती माझ्या बोटावर ठेवली होती.

अल-खोबरला आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. आमचे हे अबकैकच्या तेलाच्या प्लांटमधून आले की बाल्कनीत उभे राहून राजरोस सिगरेट ओढायचे. मी बाथरूमचा नळ सोडून मशेरी लावायची. इंजिनिअरची बायको मशेरी लावते म्हटल्यावर बाकीच्या बायका काय म्हणतील!

तिसऱ्या वर्षी ह्यांनी सिगरेट सोडली. क्लिनिकच्या डॉक्टरांनी च्युइंगम दिलं, ऑफिसातले रोज चौकशी करायचे. महिनाभर हे चिडले की आम्ही मायलेकी गुपचूप. मग समुद्रकाठी कॉर्निशवर मित्रमंडळी केक घेऊन आली. "मनाचा निग्रह हवा," असं हे सगळ्यांना सांगत होते. निग्रह कसला, डोंबल! अख्खं घर राबत होतं त्या निग्रहासाठी.

त्याच हिवाळ्यात मीही सोडली. लेक मांडीवर बसली होती, तोंड फिरवून म्हणाली, "मम्मा, यू स्मेल बर्न्ट." दुसऱ्या दिवशी डबीतली मशेरी फ्लश केली, खलास. पुढचे दोन महिने लवंगा चघळल्या, डोकं धरून बसले, वॉशिंग मशीनच्या आवाजात रडून घेतलं. ह्यांना वाटलं, गावाची आठवण येतेय. मी लावते हेच इथे कुणाला माहीत नव्हतं, मग सोडली हे कुणाला सांगणार?

आईला सांगता आलं असतं. पण ती फोनवर विचारायची, "डबी संपत आली असेल ना गो?" आणि आवाजात असा आनंद, की माझी जीभच उचलेना. आता तिच्याकडून मला लागेल असं दुसरं काय उरलं होतं? दर सुट्टीत ती नवी डबी भरून ठेवायची. मी आणायची आणि इथे आले की टाकून द्यायची. अशी चार वर्षं गेली.

गेल्या वर्षी सुट्टीला गेले तर आई नुसती पेज पीत होती. गालात जखम. तीन महिने लपवली होती. तपासणीनंतर डॉक्टर तिच्यावर रागावले, पूर्वीच सांगूनही मशेरी का सोडली नाही म्हणून. घरी आल्यावर खाटेवर बसून हळूच म्हणाली, "माझी कधीच सुटली असती गो. पण तुझ्यासाठी भाजायला बसलं की बोट जायचंच."

तेव्हा तरी सांगायचं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनेच विचारलं, "मागच्या वेळची बरी होती ना? जरा जास्त भाजली होती."

"छान होती आई," मी म्हटलं.

गणपतीच्या आधी ती गेली. फळीवर माझ्यासाठी भरलेली डबी होती. ती आणलीय, ही एक टाकवली नाही.

इथल्या आणि तिथल्या बायांनो, तुमच्यापैकी कुणी सोडली असेल तर आईला फोन करा. आजच करा. तिला वाईट वाटलं तर वाटू दे.

माझं माहेर आता बाथरूमच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे आहे. लेक शाळेला गेली की मी झाकण उघडते. तव्याचा, धुराचा, तिच्या हाताचा वास येतो. मी लावत नाही. नुसतं सांगते, "आई, मी कधीच सोडलीय गो," आणि झाकण लावते.